चौदाव्या रिळापासून सुरू झालेला सिनेमा

बाबा,

आज दुपारी तुमच्या पणतीनं एका भुताच्या सिनेमाची सुरुवात बोटाच्या टोकानं उडवून लावली. माझ्या लेकीची ही लेक, अकरावीत आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. शनिवारी लेक-जावई कामावर जातात आणि आम्ही दोघी नागपुरात सक्करदऱ्याच्या या घरात कूलरसमोर बसून टीव्ही पाहतो. पडदा नुकता काळा झाला होता, कुठूनतरी पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, आणि मी गवारीच्या शेंगा बाजूला ठेवून सरसावून बसले होते. तेवढ्यात तिनं रिमोट दाबला आणि एकदम लख्ख उजेडात कॉलेजातली पोरं बोलायला लागली. "काहून काढलं वं ते?" मी म्हटलं. ती म्हणाली, "आजी, ते नुसते नावं-बिवं असते. काहीच होत नाही त्याच्यात. खरी स्टोरी इथून सुरू होते." मी पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या, पण काहीच होत नाही हे तिचं बोलणं मला शेंगांपेक्षा जास्त वेळ पुरलं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला पाठ आहे. म्हणून हे लिहायला बसले.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन. त्या गुरुवारी बाराच्या शोला पहिल्या रिळाच्या जागी शेवटचं रीळ लागलं, ती चूक तुमची नव्हती. ते मी केलं होतं, आणि मुद्दाम केलं होतं. त्यापायी तुम्हाला महिनाभर मशीन सोडून खाली गेटवर उभं राहावं लागलं, आणि डोळ्यांवर चष्मा आला तो मरेपर्यंत राहिला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. तुम्ही मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, हे मला तुम्ही गेल्यावरही किती वर्षं ठाऊक नव्हतं.

तुम्ही ऑपरेटर होता त्या सदरच्या टॉकीजच्या मागच्याच गल्लीत आपल्या दोन खोल्या होत्या. माझी शाळा साडेबाराची. आई सव्वाअकराला डबा माझ्या हातात द्यायची आणि मी मागच्या लोखंडी गोल जिन्यानं वर केबिनमध्ये यायची. केबिनमध्ये अन्न न्यायचं नाही हा तुमचाच नियम, म्हणून तुम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून जेवायचे आणि मी तेवढ्या वेळात आत रॅक पुसायची. त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. मशिनीच्या दिव्यात जळलेल्या कार्बनच्या कांड्यांचा, तेलाचा, आणि फिल्म चिकटवायच्या औषधाचा, जरासा पिकल्या केळासारखा. दोन मशिनी, काळ्या, म्हशींसारख्या शेजारी शेजारी उभ्या. रॅकमध्ये ओळीनं रिळं. एक रीळ दहा-अकरा मिनिटांचं. एका मशिनीवरचं संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका यायचा, आणि तुम्ही त्या ठिपक्यावर दुसरी मशीन अशी सुरू करायचे की खाली हॉलमध्ये बसलेल्या माणसाला सांधा कळायचा नाही. बारा वाजता आधी सरकारी बातम्यांचं रीळ, मग पिक्चर. मी पेटीवर उभी राहून भिंतीतल्या छोट्या काचेच्या खिडकीतून पाहायची, आणि पिक्चरचा पहिला ठिपका आला की तुम्ही न वळता म्हणायचे, "चाल वं बाई. शाळा." त्यामुळे त्या वयात मी किती सिनेमे पाहिले असं कोणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मी फक्त सुरुवाती पाहिल्या.

सगळ्या सुरुवाती सारख्या नसतात हे तुम्ही मला शिकवलं. मारामारीचं पिक्चर असलं की तुम्ही हॉलचे दिवे खटकन घालवायचे. भुताचं असलं की दिव्यांची मूठ इतकी हळू फिरवायचे की लोकांना अंधार झाल्याचं कळायच्या आधी अंधार झालेला असायचा. आणि पहिल्या रिळात आवाज एक खूण कमी ठेवायचे. मी विचारलं होतं, "बाबा, आवाज काहून कमी करता? लोकायले ऐकू येत नाही न." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच. ऐकू नाही आलं का मानूस पुढे वाकते. पुढे वाकला का मंग तो आपला." मी त्या खिडकीतून खाली पाहायची. थर्ड क्लासमधली माणसं, दाण्यांच्या पुड्या, विड्या, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून बसलेली, आणि त्या हळू आवाजानं ती खरोखरच एकेक करून पुढे वाकायची. मला ते पडद्यापेक्षा मोठं नवल वाटायचं. पाचशे माणसं, ज्यांना कोणी हात लावलेला नाही, ती एका कुरकुरीनं पुढे ओढली जायची.

ती कुरकुर ज्या सिनेमातली होती तो आपल्याकडे सहा आठवडे चालला. मी त्याचं पहिलं रीळ इतक्यांदा पाहिलं की आजही डोळे मिटून चालवू शकते. आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट. मग काळोख, आणि काळोखात झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज. नुसता आवाज, बराच वेळ, इतका वेळ की थर्डमधून कोणीतरी "अबे लाईट लाव" ओरडायचंच. मग हळूहळू उजेड होतो. भूतबंगला नाही, वादळ नाही. भर दुपार. एक स्वच्छ सारवलेलं घर, आणि फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. न्हाणीघरापासून मागच्या दारापर्यंत गेलेले, आणि कॅमेरा हलत नाही, आपल्यासमोर ते ठसे एकेक करून वाळत जातात. मग स्वयंपाकघर. शेगडीवर दुधाचं पातेलं. माणूस कोणीच नाही. दूध काठाकडून थरथरायला लागतं, साय सुरकुतते, वर येते. आतल्या खोलीतून एक म्हातारा आवाज म्हणतो, "अगं, दूध." कोणी येत नाही. "अगं, दूध पाहतेस ना?" दूध वर येत राहतं. बाल्कनीत लेडीजच्या बाजूला रोज त्याच जागी चुळबुळ व्हायची. एक बाई एकदा खरंच अर्धी उठली होती, आणि शेजारणीनं तिला पदर धरून खाली बसवलं. भुताच्या सिनेमात भूत आलेलं नाही, रक्त नाही, किंकाळी नाही, आणि एवढ्या बायका उतू जाणाऱ्या दुधाला भिऊन बसल्या आहेत. दूध उतू गेलं, शेगडी फसफसली, तेव्हा कुठे नाव यायचं. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत पहिला ठिपका, आणि माझी शाळा.

मी तुम्हाला विचारायची, दूध कोणी ठेवलं होतं? ती बाई कुठे गेली? तुम्ही कार्बनची कांडी चिमट्यानं सरळ करत म्हणायचे, "शेवटच्या रिळात समजते." "मंग सांगा न." "शेवट सांगायचा नसते वं. पायचा असते." रविवारी मला शाळा नसायची, पण रविवारी मालक यायचे आणि मला केबिनमध्ये यायला बंदी. तिकीट काढून जायचं म्हटलं तर आई म्हणायची, पोरीच्या जातीनं भुताखेतांचं पाहू नये, सपनात येते. तिला काय माहीत, मी रोज सकाळी दात घासताना ते दूध पाहत होते. सहा आठवडे मी ते रहस्य घेऊन शाळेत जायची. वर्गात बाई भूगोल शिकवायच्या आणि मी त्या फरशीवर ओली पावलं शोधत बसायची. मागच्या दारापर्यंत गेली होती. परत आली नव्हती. हेसुद्धा मला विसाव्या-बाविसाव्या वेळी दिसलं. रोज तेच रीळ आणि रोज त्यात एक नवी गोष्ट सापडायची. ज्यानं कोणी ते केलं असेल तो माणूस केवढा धीराचा, सगळं समोर ठेवून गप्प बसला होता.

मग बातमी आली की शुक्रवारी नवा सिनेमा लागणार. गुरुवार शेवटचा दिवस. शुक्रवारी पेट्या भरून त्या प्रिंटची रिळं दुसऱ्या गावाला निघून गेली असती आणि मला कधीच कळलं नसतं. ती प्रिंट आधीच गावोगाव फिरून आलेली होती, पट्टीच्या तोंडाशी छापलेले नंबर झिजून तुटून गेले होते, म्हणून तुम्ही सकाळी सगळी रिळं उलटी गुंडाळून झाली की चक्रीवर खडूनं नंबर घालायचे. एक ते चौदा. गुरुवारी तुम्ही जिन्यावर जेवत होता. डब्यात वांग्याची भाजी होती, आणि तुम्ही मला बाहेरूनच विचारलं होतं, "तुह्या मायनं आज तिखट जास्त घातलं का गं?" मी म्हटलं, "मले नाही माहीत." माझ्या हातात फडकं होतं. चौदावरचा चार मी पुसला. राहिला एक. एकच्या शेजारी मी चार काढला, आणि दोन्ही चक्र्यांच्या जागा बदलल्या. एवढंच. रॅक पुसायचं फडकं, खडूचा तुकडा, आणि तुम्ही वांग्याची भाजी संपवण्याआधी झालेलं काम. माझ्या मनात एवढंच होतं की पहिला ठिपका यायच्या आत मला शेवट दिसेल. पुढे काय होईल, तुमचं काय होईल, हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही. हे मी स्वतःला सोडवायला म्हणून नाही लिहीत, तसंच होतं म्हणून लिहिते.

बातम्या संपल्या. तुम्ही मूठ हळूहळू फिरवली, हॉल काळा झाला, आणि दुसरी मशीन सुरू झाली. सर्टिफिकेट आलं नाही. मी पेटीवर उभी होते, पण मी पडद्याकडे नाही, तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही दुसऱ्या खिडकीतून पाहिलं आणि तुमचा हात लगेच शटरच्या दांडीवर गेला. दांडी खाली ओढली असती तर पडदा पांढरा झाला असता आणि पाच मिनिटांत सगळं निस्तरलं असतं. पडद्यावर एक बाई घराच्या खिडक्या लावत चालली होती. एकेक खिडकी. खिडकी लागली की पडदा तेवढा अंधारायचा. बोलत काही नव्हती. तुमचा हात दांडीवर तसाच राहिला. खालून एक आवाज आला, "सर्टिफिकेट कुठी हाय बे?" आणि लगेच दुसरा, "चूप बे, पाय ना." त्यानंतर हॉलमध्ये आवाजच नाही. रोज पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ असायचा, जागा शोधणारे, खोकणारे, दाणे फोडणारे. त्या दिवशी मशिनीची टरटर सोडून काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही दांडीवरचा हात काढून घेतला. म्हणालात, "राहू दे." मला म्हणालात की स्वतःला, ते माहीत नाही.

ती बाई एका बंद दाराशी थांबली, कपाळ टेकलं आणि म्हणाली, "येते हं मी." न्हाणीघरात जाऊन पाय धुतले. स्वयंपाकघरात आली, शेगडीवर दूध ठेवलं, थोडा वेळ त्यात पाहत उभी राहिली, आणि मागच्या दारानं निघून गेली. फरशीवर पावलं. म्हणजे ती होती. तिनंच ठेवलं होतं दूध. सहा आठवड्यांचं माझं कोडं सुटलं, आणि मला आठवतं, मला आनंद झालाच नाही. तोवर तुम्ही रॅकमधून चौदा लिहिलेली चक्री काढली होती, हातभर फिल्म दिव्यासमोर ताणून पाहिली होती आणि पहिल्या मशिनीत चढवतही होता. तुमची बोटं इतकी भराभर चालताना मी आधी कधी पाहिली नव्हती. जिन्यावरून मॅनेजर धावत आले. नागपूरच्या कोणत्याही मॅनेजरसारखे ते रागावले की हिंदीत जायचे. "ये क्या चल रहा है? लास्ट रील लगा दी? बाल्कनी में डिस्ट्रिब्यूटर का आदमी बैठा है, मालूम है?" तुम्ही चढवता चढवता म्हणालात, "साहेब, एक मिनिट हॉल ऐका." "क्या हॉल ऐकू?" "ऐका तर." ते खिडकीशी आले. त्यांनी ऐकलं. 'समाप्त' यायला दोन श्वास बाकी असताना तुम्ही ठिपक्याशिवाय, नुसत्या अंदाजानं, एक मशीन बंद करून दुसरी सुरू केली.

आणि मग सर्टिफिकेट आलं, काळोख झाला, झोपाळा कुरकुरायला लागला. कोणी "लाईट लाव" म्हणालं नाही. ओली पावलं दिसली तेव्हा हॉलमधून एक सुस्कारा आला, एकाच छातीतून आल्यासारखा. आता त्यांना माहीत होतं ती पावलं कोणाची, आणि ती परत येणार नाहीत. दूध वर यायला लागलं. "अगं, दूध." बाल्कनीत त्या दिवशी कोणी चुळबुळ केली नाही, कोणी उठलं नाही. मी मान पुढे करून पाहिलं, एक बाई पदर तोंडात धरून बसली होती. मीही रडत होते आणि ते तुमच्या लक्षात आलं. तेच दूध, तेच पातेलं. सहा आठवडे माहीत नव्हतं म्हणून भीती वाटत होती, आणि आज माहीत होतं म्हणून. मला वाटलं होतं कळलं की भीती जाते. ती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. तुम्ही खिडकीतून नजर न काढता म्हणालात, "पायलं? सुरुवात कुठूनही करता येते. फक्त मानसाले एक गोष्ट सांगायची अन् एक नाही." एवढं बोलून तुम्ही चौदा लिहिलेली चक्री चढवताना खडू पुसून आलेल्या आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि नेहमीसारखं म्हणालात, "चाल वं बाई. शाळा." त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले. बाईंनी कारण विचारलं तर मी सांगितलं, घरी दूध उतू गेलं.

पुढचं मला आईच्या बोलण्यातून कळलं. लोक खूश होऊन बाहेर पडले म्हणे, पण डिस्ट्रिब्यूटरच्या माणसानं मॅनेजरला फैलावर घेतलं. शेवट आधी दाखवतात का कुठे? मॅनेजरनं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं, "नंबर साफ दिसला नाही साहेब. डोळ्यानं कमी दिसून राह्यलं." मग हुकूम झाला की डोळे तपासून चष्मा लावल्याशिवाय मशिनीला हात लावायचा नाही, तोवर गेटवर तिकीटं फाडा. दुसऱ्या टॉकीजचा ऑपरेटर केबिनमध्ये आला. ज्या लोकांना तुम्ही कधी दिसलाही नव्हता, ते आता तुमच्या हातात तिकीट देऊन चेष्टा करायचे. पानठेल्यावाला रोज म्हणायचा, "काय गा ऑपरेटर, आता टॉर्च मारून राह्यला का? पिक्चर सरळ लावली का आज?" तुम्ही हसायचे. आई घरात धुसफुसायची, "चाळिशी नाही आली अन् आंधळे झाले. लोक म्हणतीन सिनेमे पाहून पाहून डोळे गेले." तुम्ही त्यावरही हसायचे. मी जेवताना ताटाच्या बाहेर पाहायची नाही.

चष्मा आला, काळ्या जाड काड्यांचा. तुम्ही वर गेलात. त्यानंतर तुम्ही प्रत्येक रीळ चढवण्याआधी हातभर फिल्म दिव्यासमोर ताणून पाहायचे, आणि रॅक पुसायचं काम पूर्वीसारखं माझ्याकडेच ठेवलंत. मी ते पाहून दरवेळी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. माझ्यामुळे या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, असं मी धरून चालले. सांगावं असं शंभरदा मनात आलं. दहावीला आलं, लग्न ठरलं तेव्हा आलं, काटोलच्या बसमध्ये बसवायला तुम्ही आला होता तेव्हा तर ओठावर आलं. बस सुटली.

काटोलला तुमचे जावई फळबाजारात होते. संत्रं हातात घेऊन आत किती फोडी कोरड्या आहेत ते सांगायचे, पण सिनेमाला नेलं की नेमके सुरुवात संपल्यावर पोचायचे. मी चिडायची. ते म्हणायचे, "एवढं काय असते त्याच्यात? मी सांगतो न, हिरो गावात आला." मग मी वाचनालय धरलं. शिक्षण दहावीपुढे गेलं नाही, पण कपाटाशी उभी राहून मी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान वाचायची. ज्या पानात काहीतरी दाबून ठेवलेलं असेल, आवाज एक खूण कमी असेल, ते घरी आणायची. अशी मी वाचायला शिकले, बाबा, तुमच्या केबिनमधल्या हिशेबानं.

तुमचे जावई आजारी पडले तेव्हा इथल्या डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत बोलावून शेवट सांगितला. त्यांना सांगू नका म्हणाले, किंवा तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा सांगा. मी सांगितलं नाही. पुढचे चार महिने आमच्या घरात काहीच झालं नाही. ते सकाळी उठायचे, पेपर वाचायचे, चहात साखर कमी आहे म्हणायचे, खुर्ची उन्हातून सावलीत ओढायचे. कोणी खिडकीतून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यात काही नाही, पुढे सरकवा. आणि मला तर कपबशीचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता, इतकं त्या घरात भरून राहिलं होतं. तेव्हा मला तुमचा गुरुवार आठवायचा. चौदावं रीळ आधी पाहिलेली मी एकटीच होते, आणि ते मात्र रोज पहिलं रीळ बघत होते, निवांत. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. दुःख आहे, पण ते आता घरातल्या माणसासारखं झालं आहे, त्याचं त्याचं बसून असतं.

आज मी शेंगा मोडून झाल्यावर चहाला उठले. पोरगी मोबाइल घेऊन मागे आली. मी दूध गॅसवर ठेवलं आणि तिला म्हटलं, तुला एका सिनेमाची सुरुवात सांगते, ऐक. झोपाळा सांगितला, ओली पावलं सांगितली. ती मोबाइलमध्येच होती. मी आवाज कमी केला. ती जवळ आली. म्हातारा आवाज सांगितला, "अगं, दूध." आमचं दूध काठाकडून थरथरायला लागलं होतं. मी हात मागे बांधून उभी राहिले. तिचा मोबाइल खाली आला. ती माझ्याकडे पाहायची, पातेल्याकडे पाहायची, आणि शेवटी न राहवून म्हणाली, "आजी, गॅस बंद कर न." मी केला नाही. दूध उतू गेलं. ती दोन पावलं मागे सरकली, आपल्याच स्वयंपाकघरात, भर दुपारी. मग हळूच म्हणाली, "मंग? दूध कोणी ठेवलं होतं?" मी ओटा पुसत म्हटलं, "शेवट सांगायचा नसते." तिनं माझ्याशी तासभर बोलणं टाकलं. आणि नंतर तो टीव्हीवरचा सिनेमा तिनं मुकाट्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावला, पाणी ठिबकण्यापासून.

आता तुमच्या चष्म्याचं. तुम्ही गेलात तेव्हा आईनं तो मला दिला होता, पत्र्याच्या एका जुन्या रिळाच्या डब्यात, ज्यात ती आधी पापड ठेवायची. मी तो कधी घातला नाही, लाज वाटायची. मागच्या महिन्यात माझा चष्मा पडून फुटला. नवा मिळेपर्यंत वाचायला काहीतरी हवं म्हणून मी तुमचा काढून डोळ्यांना लावला. पुस्तकातलं अक्षर होतं तसंच राहिलं. मला वाटलं, आपलेच डोळे जास्त बिघडले. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तो घेऊन गेले आणि म्हटलं, याचा नंबर बघून द्या. त्या माणसानं यंत्रावर धरला, फिरवला, पुन्हा धरला. "काकू, याले नंबरच नाही. साधी काच आहे दोन्हीकडे." मी म्हटलं, जुना आहे, झिजला असेल. तो हसला. "काच झिजते काकू, नंबर नाही झिजत. हा बनवलाच साधा आहे."

वीस वर्षं, बाबा. नाकावर वळ पडेपर्यंत. उन्हात घामानं तो घसरायचा आणि तुम्ही अंगठ्यानं वर ढकलायचे, त्याच अंगठ्यानं ज्यावर माझा चार पुसून आला होता. तुम्ही काढलेला चार पोटाशी उघडा असायचा, मी काढलेला शाळेतला, गाठ मारलेला. तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. आणि तुम्ही एक गोष्ट सांगितली आणि एक नाही.

हे पत्र त्याच डब्यात ठेवणार आहे, पाठवायला पत्ता कुठे आहे. पण डबा लावण्याआधी एक राहिलं. तुम्ही गेटवर होता त्या महिन्यात मी जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा तुम्ही तो पायाशी ठेवायचे, दारावरचा पडदा बाजूला करायचे आणि टॉर्चनं मला कडेची एक रिकामी खुर्ची दाखवायचे. खिडकीतून नाही, हॉलमध्ये बसून मी पहिल्यांदा सुरुवाती पाहिल्या त्या तेव्हाच. तुम्हीच सांगून ठेवलं असेल, दुसरा ऑपरेटरही मूठ हळूच फिरवायचा, आणि अंधार खरंच कळायच्या आधी यायचा. आवाज आला की मीही पुढे वाकायची. आणि दहा मिनिटांनी माझ्या पायाजवळ तुमच्या टॉर्चचा गोल उजेड यायचा, म्हणजे चाल वं बाई. आई रोज विचारायची, चष्मा कवा मिळते? तुम्ही म्हणायचे, येईन. मी देवघरासमोर रोज हात जोडायची, बाबा. चष्मा लवकर तयार होऊ नये म्हणून.